घोडे बदलायचं गाव

पुलंनी मराठी माणसाला तीनच पर्याय दिले. मुंबईकर व्हा, पुणेकर व्हा, नाहीतर नागपूरकर व्हा. गेली पस्तीस वर्षं बदलापुरात काढल्यामुळे मला ही गोष्ट जरा खुपते. बदलापूरकर व्हायची सोय त्या यादीत नाही. अर्थात यात त्यांचा दोष नाही. बदलापूरकर कुणी ठरवून होत नाही. मुंबईत जागा बघायला निघालेला माणूस ठाण्यात घाम पुसतो, डोंबिवलीत पाणी पितो, कल्याणला हिशेब मांडतो आणि बदलापूरला टोकन देऊन मोकळा होतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अडुसष्ट किलोमीटर. पाहुण्यांना सांगताना आम्ही ‘मुंबईच’ म्हणतो आणि पाहुणे यायचं टाळतात.

आमच्या गावाच्या नावाची एक गोष्ट सांगतात. पूर्वी घाटावरून कोकणात आणि कोकणातून सुरतेकडे जाणारे लोक इथे थांबून घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर. दमलेला घोडा इथे सोडायचा, ताज्या दमाचा घ्यायचा आणि पुढे निघायचं. गावची गोष्ट आहे, पुरावा मागू नये. मला मात्र ती फार आवडते. कारण हल्ली आमच्या गावात कुणी काही बदलत नाही. तीच सात चौदाची लोकल, तोच डबा, तोच दरवाजा, तीच चौथी सीट.

चौथी सीट म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. तिघांच्या बाकावर चौथा माणूस बसतो त्याला चौथी सीट म्हणतात. ‘बसतो’ हे क्रियापद सौजन्यानं वापरलं. शरीराचा एक तृतीयांश भाग बाकावर, बाकीचा हवेत आणि जीव मुठीत. उल्हासनगर-अंबरनाथची हुशार माणसं उलटी बदलापूरला येतात, खिडकी पकडतात आणि तीच गाडी घेऊन मुंबईला जातात. त्यामुळे बदलापूरच्या माणसाला बदलापूरला सुरू होणाऱ्या गाडीतसुद्धा चौथी सीटच मिळते. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तरी आठवड्यातून दोनदा दादरला जातो. काम काही नसतं. बायकोच्या मते मी गर्दी खायला जातो.

परवा असाच चौथ्या सीटवर टेकलो होतो. पलीकडे भजनी मंडळानं टाळ काढले होते, गाडीच्या भिंतीवर कुणाचा तरी तळवा ढोलकीसारखा वाजत होता. माझ्या शेजारी, म्हणजे कायदेशीर तिसऱ्या सीटवर, पंचविशीचा एक मुलगा. वर रॅकवर त्याची गिटार. कानात बोंडं घालून तो मोबाइलमध्ये बघून हसत होता. मी डोकावलो. डोकावणं हा चौथ्या सीटचा हक्क आहे. पडद्यावर पुलं होते. काळापांढरा चेहरा, गोल चष्मा, आणि ते दात.

‘‘पुलं बघतोस?’’ मी म्हटलं.

त्यानं एक बोंड काढलं. ‘‘हो काका. भारी आहेत. हे स्टँडअप करायचे ना?’’

उभं राहून करायचे हे खरंच होतं. पण तेवढं म्हणून थांबवेना. म्हटलं, अरे, ते लेखक.

‘‘ओके, रायटर.’’

‘‘नाटककारही. ‘तुझे आहे तुजपाशी’, ‘ती फुलराणी’.’’

‘‘म्हणजे प्लेराइट.’’

‘‘त्याआधी शाळेत मास्तर होते. मग बेळगावला राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक.’’ अंबरनाथ गेलं. ‘‘पेटी वाजवायचे. सिनेमाला संगीत द्यायचे. तुला ‘नाच रे मोरा’ माहितीये?’’

‘‘ते तर नर्सरीचं आहे!’’

‘‘त्याची चाल त्यांची. १९५३ चा ‘देवबाप्पा’. शब्द गदिमांचे, आवाज आशाबाईंचा.’’

त्यानं दुसरंही बोंड काढलं. आमच्या इथल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत दरवर्षी किमान एक तरी मोर त्या गाण्यावर नाचतो. पुठ्ठ्याचा पिसारा पाठीला दोरीनं बांधलेला असतो, अर्ध्या गाण्यात तो घसरून कमरेला येतो, आणि मोराची आई विंगेतून ‘वर घे, वर घे’ करत असते. सत्तर वर्षं झाली त्या चालीला. चाल कुणाची हे ना मोराला ठाऊक असतं, ना मोराच्या आईला. संगीतकाराला याहून मोठं काय हवं असतं मला कळत नाही. मानधन, बहुतेक.

‘‘सिनेमात कामं केली,’’ मी पुढे चालू ठेवलं. उल्हासनगर आलं, विठ्ठलवाडी गेलं. ‘‘रेडिओत होते. आपल्या देशात टीव्ही आला तेव्हा दिल्लीला टीव्हीवर होते. पडद्यावर नेहरूंची मुलाखत घेतली.’’

कल्याण आलं. कल्याणला बोलता येत नाही, फक्त टिकून राहता येतं. आत आलेली लाट स्थिरावली तेव्हा मुलगा विचारात पडलेला दिसला. मग माझ्याकडे वळून, अगदी आपुलकीनं म्हणाला, ‘‘म्हणजे काका, त्यांचा फोकस नव्हता.’’

आणि बोंडं परत कानात घातली.

कल्याण आणि डोंबिवलीच्या मध्ये ठाकुर्ली असते. जलद गाडीला ती दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या ठाकुर्लीत मला जे जे सुचलं ते त्याला सांगता आलं नाही.

फोकस नव्हता हे वाक्य मी याआधीही ऐकलं होतं. ते मामाबद्दल मामी म्हणायची. शब्द वेगळा होता. ती म्हणायची, ‘‘यांचं एक काही धड नाही.’’

मामा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होता. अजून तिथल्या चौकाला विम्को नाका म्हणतात. त्या काळात अंबरनाथ म्हणजे कारखान्यांच्या भोंग्यांवर घड्याळ लावणारं गाव. इकडे काडेपेटी, तिकडे दारूगोळ्याचा कारखाना. एकीकडे काडी आणि एकीकडे दारू, आणि तरी गाव शांत, याचं मामाला भारी कौतुक. प्रत्येक कॉलनीला, प्रत्येक कचेरीला त्या दिवसांत स्वतःचे एक पुलं असत. आमच्या अंबरनाथचे पुलं म्हणजे मामा. तो पेटी वाजवायचा, नकला करायचा, कामगार नाट्यस्पर्धेत उतरायचा. गणपतीतल्या नाटकाचा लेखक तो, दिग्दर्शक तो, पडदा रंगवणारा तो, आणि नायिका ऐन वेळी आजारी पडली तर नायिकाही तोच. ‘गुळाचा गणपती’ पाहून आल्यापासून त्याच्या डोक्यात हे भूत शिरलं होतं, असं मामी सांगे. १९५३ च्या त्या सिनेमात कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाचं काम, सगळं एकट्या पुलंचं. ‘सबकुछ पु. ल.’ हा शब्द तेव्हापासूनचा. गाणी तेवढी गदिमांची होती, आणि ‘इंद्रायणी काठी’ गायला भीमसेन जोशी. मामा म्हणायचा, ‘‘माणूस थोर का? तर सबकुछ स्वतः केलं आणि गाण्याच्या वेळी बाजूला सरला.’’

मामाला नेमकं तेवढंच जमत नसे. त्याच्या पेटीची काळी दोन अडकलेली होती. एकदा दाबली की वर यायची नाही, भात्यात हवा आहे तोवर मधमाशीसारखी घुमत राहायची. दुरुस्तीला टाकायची म्हटलं तर पेटी आठ दिवस घराबाहेर राहणार, ते मामाला सहन होणारं नव्हतं. त्यानं दुसराच तोडगा काढला. सगळी गाणी काळी दोनमध्ये. भैरवी, लावणी, आरती, मंगलाष्टकं, सगळं त्या एका अडकलेल्या सुराभोवती. लोक म्हणत, वा, काय षड्ज लावलाय! तो षड्ज लावलेला नव्हता, तो निघत नव्हता.

आणि मामाही निघत नसे. ‘आता शेवटचं’ असं म्हणून तो पाच गाणी म्हणे. बाहेर मंडपवाले खुर्च्या उचलू लागत, बायका पोरांना खांद्यावर टाकून निघत, आणि मामाचा भाता सुरूच. नाटकाच्या तिसऱ्या अंकानंतर तो आभार मानायला उभा राही, तो चौथा अंक होऊन जाई.

एकदा, मी शाळेत असताना, मुंबईच्या एका नाटक कंपनीनं त्याला बोलावलं. नोकरी सोडून पूर्ण वेळ यायचं, असा निरोप होता. मामीनं काही म्हटलं नाही, फक्त रेशनकार्ड काढून टेबलावर ठेवलं. मामा सकाळी शर्टाला इस्त्री करून निघाला. कल्याणपर्यंत गेला. कल्याणला गाडी बदलायची होती. पुलावर उभा राहून त्यानं अर्धा तास मुंबईच्या गाड्या जाताना पाहिल्या आणि मग खाली उतरून कर्जतची पकडली, कारण दुपारची पाळी होती. ही गोष्ट तो दुःखानं सांगत नसे. ‘‘पण येताना खिडकी मिळाली हं,’’ असं दरवेळी शेवटी सांगायचा, आणि ते त्याला खरंच महत्त्वाचं वाटायचं.

मी बदलापूरला राहायला आलो १९९१ च्या सुमारास. घरात पहिली चैन म्हणून टेपरेकॉर्डर घ्यायचा ठरला, आणि त्या काळात आमच्या भागातला कुठलाही शहाणा माणूस टेपरेकॉर्डर घ्यायला उल्हासनगरला जायचा. कॅम्प नंबर दोन. हे कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली माणसं त्यांत उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीची कोनशिला बसली आणि तिचं उल्हासनगर झालं. तिथं काय मिळत नाही? ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद सगळ्या महाराष्ट्रानं केला, आणि करून झाल्यावर गुपचूप तिथूनच खरेदी केली. तिथं जपानी बाजारही आहे. त्यात जपानी माणूस दिसलाच तर तो वाट चुकलेला असतो.

मी घेतलेल्या यंत्रावरचं नाव एका प्रसिद्ध जपानी कंपनीच्या नावाच्या सख्ख्या चुलतभावासारखं होतं. एकच अक्षर इकडचं तिकडे. मी विचारलं, गॅरंटी किती?

दुकानदार बोटानं काउंटरवरची धूळ पुसत म्हणाला, ‘‘साईं, जब तक चलेगा, तब तक की पूरी गॅरंटी.’’

त्याच दुकानात मी पुलंच्या कॅसेटही घेतल्या. ‘म्हैस’, ‘अंतू बर्वा’, ‘रावसाहेब’. त्याही यूएसएच्याच होत्या. वेष्टनावर पुलंचा फोटो इतका फिका की ते कुठल्याही चष्मेवाल्या गृहस्थाचं छायाचित्र असू शकलं असतं, आणि आत ‘म्हैस’ संपल्यावर मध्येच एक सिंधी भजन लागायचं. पुलंच्या साहित्याच्या परवानग्यांबाबत त्यांच्या पत्नी सुनीताबाई किती कडक होत्या हे पुढे वाचनात आलं तेव्हा मला घाम फुटला. त्यानंतर मूळ कॅसेट आणून मी पापक्षालन केलं. पण ते भजन पाठ झालं ते झालंच.

दुकानदाराशी मैत्री झाली. त्याचा बाप लहानपणी कॅम्पात येऊन पडला तेव्हा त्याची आजी पापड लाटायची आणि बाप ते लोकलमध्ये विकायचा. मग बापानं कापड घेतलं. मग रेडिओ. मुलानं रेडिओवरून टेप, टेपवरून रंगीत टीव्ही, आणि पुढच्या खेपेला गेलो तर अर्धं दुकान जीन्सनं भरलेलं. मी म्हटलं, शेटजी, किती धंदे बदलाल?

तो हसला. ‘‘धंधा कहाँ बदला साईं? माल बदला.’’

मी तेव्हा नुसती मान डोलावली. परवा ठाकुर्लीत ते वाक्य एकदम वर आलं.

कारण पुलंचं तेच तर होतं. १९४७ च्या ‘कुबेर’मध्ये ते पडद्यावर आले. पुढच्याच वर्षी ‘वंदे मातरम्’मध्ये नायक झाले, नायिका सुनीताबाई. मग सहा-सात वर्षं सिनेमा एके सिनेमा: अभिनय, पटकथा, संवाद, चाली. ‘गुळाचा गणपती’पर्यंत येऊन पोचले, सबकुछ झालं, आणि त्याच सुमारास त्यांनी सिनेमाकडे पाठ फिरवली. दुसरा कुणी असता तर ‘गुळाचा गणपती भाग दोन’ काढला असता आणि मग ‘गुळाच्या गणपतीचं विसर्जन’. हे गेले आकाशवाणीत, १९५५ साली. नभोनाट्यं केली, श्रुतिका केल्या. मग शिष्यवृत्तीवर लंडनला, बीबीसीत टेलिव्हिजन शिकायला. गेले टेलिव्हिजन शिकायला आणि येताना बरोबर ‘अपूर्वाई’ आणली. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला टीव्ही सुरू झाला, आठवड्यातून दोन दिवस, दिल्लीच्या हवेत जेमतेम पोचेल इतका. त्या टीव्हीचे ते निर्माते. मुंबईला टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे तेरा वर्षांनी. आम्ही शेजाऱ्यांच्या दाराशी चपलांचा ढीग करून ‘छायागीत’ बघायला लागलो, तेव्हा हा माणूस टीव्हीच्या नोकरीतून केव्हाच उतरून गेलेला होता.

मग ‘बटाट्याची चाळ’. १९५८ चं पुस्तक. १९६१ पासून ते एकट्यानं रंगमंचावर उभं करायला लागले. नेपथ्य नाही, सहकलाकार नाहीत, आणि तरी चाळीतला प्रत्येक माणूस दिसायचा. तिकिटांसाठी पहाटेपासून रांगा. आणि रांगा लागत असताना, म्हणजे अगदी ऐन भरात, त्यांनी ते प्रयोग थांबवले. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा राग आला होता. हे काय? लोक उभे आहेत, नाट्यगृह भरलंय, आणि तुम्ही पेटीचं झाकण लावता? मामाला विचारलं तर तो गप्प बसला. हा त्याच्या दुखऱ्या जागेवरचा प्रश्न होता.

या थांबण्यात सुनीताबाईंचा वाटा किती आणि पुलंचा किती, हे त्या दोघांनाच ठाऊक. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ वाचल्यावर मला तरी असं वाटतं की घोड्यावर पुलं असले तरी घोडा दमलाय का, हे खाली उभं राहून बघणारं माणूस वेगळं होतं. लगाम धरणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. पैसे मोजून, हिशेब लिहून, एका पोस्टकार्डाचं उत्तर राहू नये म्हणून जागणारं ते माणूस. त्या प्रयोगांचे आणि पुस्तकांचे पैसे पुढे पुलंच्या प्रतिष्ठानमार्फत वाटले गेले. १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांचं ‘मुक्तांगण’ उभं राहिलं ते पुलंच्या एक लाख रुपयांच्या देणगीवर. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या तिकिटाचे पैसे व्यसनमुक्ती केंद्रात पोचले. आमच्या नाट्यमंडळाचा हिशेब दर वर्षी वडापावपाशी अडायचा.

हल्ली मालिकेत काम करणारी मुलगी गाते, गाणारा मुलगा सूत्रसंचालन करतो, सूत्रसंचालक सिनेमा काढतो, आणि तिघं मिळून परीक्षक होतात. वाईट काही नाही. गुणी असतात. फक्त एक फरक मला जाणवतो. ते एकाच वेळी चार घोड्यांवर बसलेले असतात, आणि चारही घोडे एकाच दिशेला जाताहेत याची काळजी कुणी मॅनेजर घेत असतो. पुलं एका वेळी एकाच घोड्यावर असत. वाटेत एखादं बदलापूर येई, तिथं उतरत, घोड्याच्या मानेवर थाप मारत आणि दुसऱ्यावर बसत. पेटी तेवढी सगळीकडे बरोबर नेत. माल बदलला, धंदा तोच, समोरच्याचा चेहरा फुलवायचा.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी आमच्या घरी आली. बोलावणं नव्हतं. आम्ही पश्चिमेला तळमजल्यावर. रात्री शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर बसून आम्ही आपलं घर कल्पनेनं बघत होतो. दोन दिवसांनी खाली उतरलो तेव्हा गुडघाभर चिखलात कॅसेटची ट्रंक उलटी पडलेली होती. बायको धान्य वाचवत होती, मी पुलंना वाचवत होतो. यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. एकेक कॅसेटचे पाच बारीक स्क्रू काढायचे, आतली फीत ओल्या फडक्यानं पुसायची, गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर झुलवत ठेवायची, सुकली की षट्‌कोनी पेन्सिलनं परत गुंडाळायची. आमच्या दोरीवर तीन दिवस सुतकी तपकिरी फिती फडफडत होत्या. खालून जाणाऱ्या एकीनं विचारलं, वहिनी, हे कसलं वाळवण? बायको म्हणाली, ‘‘यांचं.’’

शेजारच्यांचा खराखुरा जपानी टेप गेला. माझा यूएसएवाला सुरू झाला. गॅरंटी शब्दशः पाळली गेली. पहिली लावली ‘अंतू बर्वा’. आवाज आला तो नदीच्या तळातून आल्यासारखा, गुळण्या करत. रत्नागिरीचे अंतूशेट बुडून, उल्हास नदीतून वर येऊन, बदलापूरच्या पश्चिमेला तिरकस बोलत होते. आम्ही चिखलात उभे राहून हसलो. बायकोही हसली. माझा गुन्हा तिथेच माफ झाला, असं मी समजतो.

मामा तेव्हा नव्हता. तो २००३ ला गेला. पण १२ जून २००० च्या संध्याकाळी मी त्याच्याकडे होतो. सोमवार होता. दुपारीच बातमी आली होती, पुण्याला पुलं गेले. सुनीताबाईंशी लग्न झालं ती तारीखही १२ जून, १९४६ ची. चोपन्न वर्षं झाली होती त्याच दिवशी. अंबरनाथला पाऊस लागला होता. आजूबाजूचे चार लोक जमले, मामाचे जुने नाटकवाले, सगळे पिकलेले. कुणीतरी म्हणालं, काढ पेटी. आज मामा ऐकणार नाही, असं मी समजलो. पहाटेपर्यंत चालणार. मामीनं चहाचं मोठं पातेलं चढवलं.

मामानं पेटी पुढ्यात ओढली. ‘नाच रे मोरा’ची चाल वाजवली, फक्त चाल, अगदी संथ. ते गाणं इतकं संथ वाजवलं तर काय होतं हे मला त्या दिवशी कळलं. काळी दोन नेहमीप्रमाणे अडकली आणि घुमत राहिली. मामानं भाता मोकळा सोडला. हवा संपेपर्यंत तो सूर एकटाच चालला, आणि मग थांबला.

मामानं झाकण लावलं.

‘‘अजून एक?’’ मी म्हटलं.

‘‘पुरे,’’ मामा म्हणाला.

मामी चहा घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. तिनं हा शब्द त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता.

हे सगळं मी कल्याण सोडल्यापासून मनात जुळवत होतो. आता या मुलाला धरून सांगायचंच, म्हणून वळलो, तर तो उभा राहून रॅकवरची गिटार काढत होता. गाडी डोंबिवलीत शिरत होती. बाहेरच्या गर्दीचा आवाज आधीच आत पोचला होता.

‘‘अरे, डोंबिवलीला उतरतोस?’’

‘‘नाही काका, ठाण्याला. ऑडिशन आहे.’’

‘‘मग बस की. ठाण्याला अजून पुष्कळ वेळ आहे. बसायला मिळालंय ते.’’

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की हा माणूस पस्तीस वर्षं नक्की कुठे राहतोय. ‘‘काका, ठाण्याला उतरायचं तर आत्ताच उठायला लागतं,’’ तो म्हणाला. ‘‘नाहीतर दारापर्यंत पोचत नाही. बसा तुम्ही.’’

गिटार डोक्यावर धरून तो गर्दीत शिरला. भजनी मंडळानं अभंग न थांबवता त्याला वाट दिली. एकानं टाळ बंद न करता कोपरानं गिटार पुढे सरकवली. मी तिसऱ्या सीटवर सरकलो. पूर्ण बूड टेकलं. जागा अजून गरम होती. डोंबिवलीची लाट आत आली, आणि एका घामाघूम गृहस्थानं माझ्या गुडघ्याला हात लावला.

‘‘जरा सरकून घेता का?’’